सगळी अंतरं वेगळी हवीत: १४ नंतर ७ येणाऱ्या क्रमिकेबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. पहिलं पद १. पुढचं प्रत्येक पद म्हणजे शक्य तितका लहान धन पूर्णांक. अट एकच. कागदावर (१, पहिलं पद), (२, दुसरं पद), (३, तिसरं पद) असे बिंदू मांडत गेलो, तर कुठल्याही दोन जोड्यांमधलं अंतर सारखं येता कामा नये. तुमच्या प्रोग्रामने १, १, २, ५, ९, १४ अशी पदं दिली आणि पुढे एकदम ७. त्यावरून तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: हे ७ चुकीचं आहे का, ही क्रमिका कधी अडकून थांबेल का, न-व्या पदाचं सूत्र मिळेल का, आणि काहीशे पदांनंतर प्रोग्राम रांगायला का लागतो.

माझ्या मते या चारांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. अशा क्रमिकेत आपण नेहमी ‘कोणता आकडा चालेल’ याच्या मागे लागतो. खरं तर ‘किती आकडे बाद होतात आणि कुणामुळे’ हे मोजायला हवं. ती मोजणी एकदा हातात आली की क्रमिका थांबत का नाही ते कळतं, वाढीचा अंदाज येतो आणि प्रोग्राम कुठे वेळ खातोय हेही दिसतं. सूत्राचं तेवढं वेगळं, त्याकडे शेवटी येतो.

आधी हाताने करून पाहू. अंतराऐवजी अंतराचा वर्ग घेऊ, म्हणजे वर्गमूळ काढावं लागत नाही आणि सगळे आकडे पूर्णांक राहतात. (१, १) आणि (२, १) यांच्यातल्या अंतराचा वर्ग १. तिसऱ्या जागी १ ठेवला तर (२, १) पासून पुन्हा १ येतो, म्हणून तो बाद. २ ठेवला तर ५ आणि २ मिळतात, दोन्ही नवे. चौथ्या जागी १, २, ३, ४ सगळे बाद होतात आणि ५ चालतो. त्यातून २५, २० आणि १० ही नवी अंतरं येतात. पाचव्या जागी ९ बसतो आणि ८०, ७३, ५३, १७ देतो. सहाव्या जागी १४, आणि तो १९४, १८५, १५३, ८५, २६ देतो.

आता वादाचं सातवं पद. आतापर्यंत वापरून झालेले वर्ग असे: १, २, ५, १०, १७, २०, २५, २६, ५३, ७३, ८०, ८५, १५३, १८५, १९४. सातव्या जागी १ घेतला तर (२, १) पासून २५ येतो, बाद. २ घेतला तर त्याच बिंदूपासून २६, बाद. ३ ला (३, २) पासून १७ आडवा येतो, ४ ला तिथूनच २०, ५ ला तिथूनच २५. ६ घेतला तर (४, ५) पासून १०. आणि ७? मागच्या बिंदूंपासून क्रमाने ७२, ६१, ४१, १३, ८, ५० येतात. यातला एकही आधीच्या यादीत नाही आणि आपापसातही सगळे वेगळे आहेत. म्हणजे सातवं पद ७ च. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे.

हे विचित्र का वाटतं? कारण बिंदू वर वर चढत गेले की खालची जागा संपली, असं आपण नकळत धरून चालतो. पण एखादी किंमत एकदा बाद झाली म्हणजे कायमची बाद झाली असं इथे नाही. सहाव्या जागी ७ बाद झाला होता, कारण तेव्हा (५, ९) पासून ५ येत होता. सातव्या जागी गेल्यावर आडवं अंतर एकाने वाढलं आणि तोच ५ आता ८ झाला. प्रत्येक पायरीवर सगळा हिशोब नव्याने मांडला जातो. पुढेही हेच दिसेल. आठवं पद १९, नववं २५, आणि दहावं थेट २! ताळा करायचा असेल तर पहिली दहा पदं अशी: १, १, २, ५, ९, १४, ७, १९, २५, २. यातून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. शोध दरवेळी १ पासूनच सुरू करायचा. मागच्या पदापासून पुढे शोधत जाणारे प्रोग्राम मी बरेच पाहिलेत. ते सहा पदांपर्यंत बरोबर चालतात आणि सातव्याला मुकाट्याने वेगळ्याच क्रमिकेत शिरतात.

पुढे जाण्याआधी थोडं व्याख्येबद्दल, कारण उत्तर कशावर अवलंबून आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं सगळं अर्धवट राहील. सुरुवात ० पासून केली तर काही बिघडत नाही, सगळे बिंदू एक घर खाली सरकतात आणि अंतरं तशीच राहतात. ऋण पूर्णांक चालवले तर मात्र क्रमिका पूर्ण वेगळी होते, आणि तेव्हा ‘सर्वांत लहान’ म्हणजे नक्की काय हेही आधी ठरवावं लागतं. त्याहून मोठा फरक ‘अंतर वेगळं’ आणि ‘सदिश वेगळा’ यात आहे. सदिश म्हणजे किती आडवं आणि किती उभं, दिशेसकट. चौथ्या जागी १ घेतला तर (३, २) पासून एक घर पुढे आणि एक खाली असं यावं लागतं. त्याआधी (२, १) वरून (३, २) ला जाताना एक पुढे आणि एक वर गेलो होतो. अंतर दोन्हींचं सारखं, म्हणून आपल्या क्रमिकेत १ बाद. सदिश मात्र वेगळे आहेत, त्यामुळे सदिशांची अट लावली तर तिथे १ च येतो: १, १, २, १. चौथ्या पदालाच वाटा फुटल्या. रडार आणि सोनारसाठी ज्या कोस्टास मांडण्या वापरतात त्या याच दुसऱ्या अटीच्या, फक्त तिथे प्रत्येक आडव्या ओळीतही एकच बिंदू असावा लागतो. तुम्ही स्पष्ट ‘अंतर’ लिहिलंय, म्हणून मी तेच धरतो.

आता मोजणी. समजा न-१ बिंदू ठेवून झालेत आणि न-वा ठेवायचाय. तो न क्रमांकाच्या उभ्या रेषेवर कुठेतरी बसणार. किंमत बाद होण्याची कारणं दोनच.

पहिलं कारण म्हणजे नवा बिंदू एखाद्या जुन्या बिंदूपासून अशा अंतरावर पडतो, जे आधीच वापरलं गेलंय. एक जुना बिंदू धरा, एक जुनं अंतर धरा. त्या बिंदूभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते आपल्या उभ्या रेषेला जास्तीत जास्त दोन ठिकाणी छेदतं, म्हणजे दोन किंमती बाद. बिंदू न-१ आहेत आणि जुनी अंतरं (न-१)(न-२)/२. गुणाकार केला की या कारणाने जास्तीत जास्त (न-१)(न-१)(न-२) किंमती बाद होतात.

दुसरं कारण म्हणजे नवा बिंदू दोन जुन्या बिंदूंपासून सारख्याच अंतरावर पडतो आणि समद्विभुज त्रिकोण तयार होतो. असा बिंदू त्या दोघांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतो, आणि लंबदुभाजक आपल्या उभ्या रेषेला एकाच ठिकाणी छेदतो. अपवाद फक्त लंबदुभाजक स्वतःच उभा असेल तर. दोन्ही जुन्या पदांची किंमत सारखी असेल तेव्हाच तसं होतं, आणि तेव्हा तो त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे आपल्या रेषेच्या डावीकडेच पडतो. समांतर रेषा, भेट नाही, कुणीच बाद नाही. म्हणून दुसऱ्या कारणाने जास्तीत जास्त (न-१)(न-२)/२ किंमती बाद.

दोन्ही बेरजा मर्यादित आहेत. धन पूर्णांक अमर्याद आहेत. म्हणून प्रत्येक जागी काहीतरी उरतंच आणि क्रमिका कधीच थांबत नाही. शिवाय न-वं पद बाद किंमतींच्या संख्येपेक्षा फार तर एकाने मोठं असू शकतं. न = ८ ला ही मर्यादा २९४ + २१ + १ = ३१६ येते, आणि खरं पद आहे १९. मर्यादा बरोबर आहे, पण बरीच सैल. ती साधारण न च्या घनाइतकी वाढते. बहुतेक लिखाण इथेच थांबतं. या क्रमिकेच्या बाबतीत मला तो आळस वाटतो, कारण इथून पुढचीच पायरी खरी मजेची आहे.

सैलपणा कुठे आहे ते बघा. आपण प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक जुनं अंतर अशी जोडी धरून दोन दोन किंमती बाद केल्या. पण वर्तुळाने रेषेला छेदणं पुरेसं नाही, पूर्णांक जागीच छेदायला हवं. पुन्हा आठवी जागा घेऊ. जुन्या अंतरांपैकी वर्ग २५ असलेलं एक निवडू. सरधोपट हिशोबाने सात बिंदू गुणिले दोन, म्हणजे १४ किंमती बाद. प्रत्यक्षात काय होतं? सातव्या बिंदूपासून आडवं अंतर १ आहे, तर उभ्या अंतराचा वर्ग २४ हवा, तो पूर्ण वर्ग नाही. सहाव्यापासून आडवं २, उरतात २१, तोही नाही. पाचव्यापासून आडवं ३, उरतात १६, म्हणजे उभं ४: (५, ९) वरून ५ आणि १३ बाद. चौथ्यापासून आडवं ४, उरतात ९: (४, ५) वरून २ आणि ८ बाद. तिसऱ्यापासून आडवं ५, उरतं ०: (३, २) वरून पुन्हा २ बाद. त्याच्या मागच्या बिंदूंपर्यंत हे अंतर पोचतच नाही. एकूण बाद: २, ५, ८, १३. चौदाऐवजी चारच.

हे एका उदाहरणाचं नशीब नव्हे. न-व्या जागेपासून प्रत्येक जुन्या बिंदूचं आडवं अंतर वेगळं असतं: १, २, ३, अशी ती न-१ पर्यंत जातात, प्रत्येक एकदाच. त्यामुळे एक जुना वर्ग किती किंमती बाद करू शकतो, हे तो वर्ग दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येतो त्यावर ठरतं. २५ म्हणजे ९ + १६, १६ + ९, २५ + ०. ५० म्हणजे १ + ४९, २५ + २५, ४९ + १. आणि अशा प्रकारांची संख्या त्या आकड्याच्या विभाजकांच्या संख्येच्या काही पटींत बांधलेली असते. विभाजकांची संख्या अतिशय हळू वाढते, न च्या कुठल्याही धन घातापेक्षा हळू, मग तो घातांक कितीही लहान घ्या. (इथे एक बारीक बाब आहे. वर्ग स्वतः किती मोठे असतील? त्यासाठी आधीची घनाची सैल मर्यादाच कामी येते. वर्ग न च्या सहाव्या घाताच्या आसपासच राहतात, आणि तेवढं पुरतं.) म्हणून पहिल्या कारणाने बाद होणाऱ्या किंमती जुन्या अंतरांच्या संख्येच्या, म्हणजे सुमारे न च्या वर्गाच्या निम्म्याच्या, किंचितच पुढे जातात. दुसरं कारण तर आधीपासून वर्गाच्याच पातळीवर होतं. निष्कर्ष असा की न-वं पद न च्या वर्गापेक्षा फारसं वर जाऊ शकत नाही. काटेकोर बोलायचं तर घातांक २ च्या वर कितीही थोडा घ्या, पुरेशा मोठ्या न साठी मर्यादा लागू पडते. घनावरून वर्गावर आलो, आणि लागलं काय? प्रत्येक आडवं अंतर एकदाच येतं एवढं निरीक्षण आणि दोन वर्गांच्या बेरजेचं जुनं अंकशास्त्र.

उलट बाजूने, म्हणजे पदं किमान किती वाढायलाच हवीत? पहिली न पदं घेतली आणि त्यातलं सर्वांत मोठं म आहे असं धरलं, तर सगळ्या अंतरांचे वर्ग न चा वर्ग अधिक म चा वर्ग याच्या आत असतात. वेगवेगळे वर्ग हवेत न(न-१)/२. नुसतं एवढं पाहिलं तर म विषयी काहीच हाती लागत नाही, कारण तेवढी जागा न चा वर्ग एकटाच देतो. पण प्रत्येक पूर्णांक दोन वर्गांची बेरीज नसतो. ३, ६, ७, ११ हे आकडे आपल्या यादीत कधीच येणार नाहीत. अशा बेरजा किती विरळ असतात हे लांडाउ या गणितज्ञाने १९०८ मध्ये दाखवलं: क्ष पर्यंत त्या सुमारे ०.७६४२ गुणिले क्ष भागिले क्ष च्या नैसर्गिक लॉगचं वर्गमूळ, इतक्याच असतात. हे जोडलं की म किमान न गुणिले न च्या लॉगचं चौथं मूळ, या गतीने वाढायलाच हवा (पुढे एक स्थिर गुणक). चौकोनी जाळीत सगळी अंतरं वेगळी ठेवून किती बिंदू मावतील, या प्रश्नावर एर्डश आणि रिचर्ड गाय यांनी १९७० मध्ये दिलेली वरची मर्यादाही याच युक्तिवादाची आहे. पण आलेखावर हे डोळ्यांना दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. न दहा लाख असला तरी लॉगचं चौथं मूळ १.९३ च्या आसपास असतं.

इथवरचं एका दमात: क्रमिका अनंत आहे, मोठी पदं साधारण न पेक्षा किंचित जास्त आणि न च्या वर्गापेक्षा किंचित जास्त यांच्या मध्ये कुठेतरी राहतात, आणि मधूनमधून लहान पदं येणं हा दोष नाही.

आता प्रोग्राम. तुम्ही लिहिलंय की वर्गमूळ काढून तीन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करता आणि मग तुलना करता. हे आजच्या आज बदला. अंतराच्या लगतच्या दोन वर्गांच्या (उदाहरणार्थ २५ आणि २६ यांच्या) मुळांतला फरक अंतर वाढेल तसा कमी होतो. अंतर ५०० च्या पुढे गेलं की हा फरक ०.००१ पेक्षा लहान होतो, आणि तुमचा प्रोग्राम दोन वेगळी अंतरं एकच समजू लागतो. मग चालणारी किंमत विनाकारण बाद होते आणि तिथून पुढची सगळी पदं बिघडतात. हावऱ्या पद्धतीत, म्हणजे दरवेळी चालेल तो सर्वांत लहान आकडा उचलत जाण्याच्या पद्धतीत, एका पदाची चूक तिथेच थांबत नाही, ती पुढच्या प्रत्येक निर्णयात मिसळते. वर्गच साठवा, पूर्णांकात. ३२ बिटांचा पूर्णांक वापरत असाल तर ४६,३४० च्या पुढच्या अंतरांचे वर्ग त्यात मावत नाहीत, म्हणून सुरुवातीपासून ६४ बिटांचाच घ्या. पायथनमध्ये ही काळजी नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. तुम्ही जुनी अंतरं साध्या यादीत ठेवून प्रत्येक वेळी यादीभर शोधता. हजार पदांना ४,९९,५०० अंतरं होतात. प्रत्येक उमेदवारासाठी, म्हणजे तपासायच्या प्रत्येक किमतीसाठी, आणि प्रत्येक जुन्या बिंदूसाठी ही यादी चाळायची म्हटल्यावर प्रोग्राम रांगणारच. यादीऐवजी सेट वापरा, ‘हा वर्ग आहे का’ याचं उत्तर तो जवळपास लगेच देतो. पदं फार वाढली तर सेटही स्मृती खातो: दहा हजार पदांना ४,९९,९५,००० अंतरं. तेव्हा एका वर्गाला एक बिट अशी पट्टी सोयीची पडते, पण तिची लांबी सर्वांत मोठ्या वर्गाएवढी लागते. कोणता मार्ग घ्यायचा हे तुम्हाला किती पदं हवीत आणि यंत्रात किती स्मृती आहे त्यावर ठरवा. काहीशे पदांसाठी सेट भरपूर झाला.

तिसरी गोष्ट क्वचितच कुणी सांगतं: उमेदवार तपासताना बिंदू कुठल्या क्रमाने घ्यायचे? पहिल्यापासून नको, शेवटच्यापासून मागे या. लहान वर्ग फार लवकर वापरून संपतात, आणि लहान वर्ग येतात जवळच्या बिंदूंपासून. आठव्या जागीच बघा. १९ च्या खालच्या अठरा किंमतींपैकी बारा एकट्या (७, ७) या लगतच्या बिंदूने बाद केल्या: २ ते १२ सगळ्या आणि शिवाय १४. मागून तपासलं तर बहुतेक उमेदवार पहिल्या एक-दोन तुलनांतच निकालात निघतात. पुढून तपासलं तर त्याच निकालासाठी कितीतरी जास्त वेळ जातो.

चौथी गोष्ट म्हणजे ताळा, आणि इथे एक छुपा खड्डा आहे. समद्विभुजाची तपासणी, म्हणजे नव्या बिंदूची अंतरं आपापसात तरी वेगळी आहेत का, ही काहीजण विसरतात. वर दिलेल्या दहा पदांवर ती चूक पकडली जाणार नाही. त्या दहांपर्यंत बाद झालेली प्रत्येक किंमत कुठल्या ना कुठल्या जुन्या अंतरानेच बाद होते, दुसरं कारण एकदाही निर्णायक ठरत नाही. म्हणून ‘पहिली दहा जुळली’ यावर विसंबू नका. नवी अंतरं तात्पुरत्या सेटमध्ये गोळा करा, त्या सेटशीही तुलना करा, आणि उमेदवार पक्का झाल्यावरच ती कायमच्या सेटमध्ये ओता. अपयशी उमेदवाराची अर्धीमुर्धी अंतरं कायमच्या सेटमध्ये राहून जाणं हाही नेहमीचा घोळ आहे, आणि या शिस्तीने तोही टळतो. शेवटी स्वतंत्र ताळा म्हणून सगळी पदं हातात आल्यावर दुसऱ्या छोट्या प्रोग्रामने सगळ्या जोड्यांची अंतरं मोजा: वेगवेगळे वर्ग बरोबर न(न-१)/२ भरले पाहिजेत. यातून अट पाळली गेली एवढंच सिद्ध होतं, प्रत्येक पद सर्वांत लहान होतं हे नाही. त्यासाठी प्रत्येक बाद किमतीमागे ‘कोणत्या बिंदूमुळे, कोणत्या वर्गामुळे’ अशी नोंद लिहून ठेवायची माझी सवय आहे. नोंद मोठी होते खरी, पण शंका आली की तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नसतं.

अट बदलली की मोजणी कशी बदलते हेही पाहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच करू शकाल. कुठलेही तीन बिंदू एका रेषेत नकोत अशी अट घेतली तर क्रमिका १, १, २, २, ५, ४ अशी सुरू होते. तिथे दोन जुन्या बिंदूंतून जाणारी रेषा नवी उभी रेषा एकाच जागी छेदते, म्हणून बाद किंमती फार तर (न-१)(न-२)/२, वर्गाची मर्यादा एका ओळीत. उलट बाजूने, एका आडव्या ओळीत दोनपेक्षा जास्त बिंदू बसूच शकत नाहीत, म्हणून पहिल्या न पदांतलं सर्वांत मोठं पद किमान न/२. अट आणखी ढिली करून फक्त सारख्या अंतरावरची तीन पदं अंकगणिती श्रेढीत नकोत एवढंच म्हटलं, तर १, १, २, १, १, २, २, ४, ४ अशी क्रमिका मिळते. तिचा आलेख वणव्यातून उठणाऱ्या धुरासारखा दिसतो आणि त्यासाठीच ती प्रसिद्ध आहे. तिथे न-व्या जागी बाद करणाऱ्या जोड्या न च्या निम्म्याहूनही कमी, म्हणून पद कधीच (न+१)/२ च्या वर जात नाही. आणि बिंदू सरळ रेषेवरच ठेवले, म्हणजे पदांमधले फरक सगळे वेगळे हवेत, तर ती मियान आणि चावला यांची १९४४ ची क्रमिका: १, २, ४, ८, १३, २१, ३१, ४५, ६६, ८१. तिथे हीच पद्धत घनाची मर्यादा देते. आपण वर जी सुधारणा केली ती तिथे चालत नाही, कारण ‘प्रत्येक आडवं अंतर एकदाच’ हा आधारच तिथे नाही. एका मितीतून दोन मितींत आल्यावर प्रश्न अवघड व्हायला हवा असं वाटतं, पण वरच्या मर्यादेपुरता तो उलट सोपा होतो.

राहिलं सूत्र. बंदिस्त सूत्राची आशा सोडा असंच मी म्हणेन. हावऱ्या पद्धतीच्या काही क्रमिकांना सूत्र असतं. ०, १, ३, ४, ९, १०, १२, १३, २७ ही त्यातली प्रसिद्ध: तीन पदं अंकगणिती श्रेढीत येऊ न देता लहानात लहान घेत गेलं की जे उरतात ते आकडे ३ च्या पायात फक्त ० आणि १ वापरून लिहिता येणारे असतात. तिथे अट बेरजेची आहे आणि पायाच्या अंकांशी तिचं जमतं. अंतराच्या अटीत वर्ग येतात, वर्गांच्या बेरजा कुठल्याही पायातल्या अंकांशी असं जुळवून घेत नाहीत. तुम्हाला सूत्रच हवं असेल, म्हणजे क्रमिका सर्वांत लहान नसली तरी चालेल पण पदं थेट लिहिता यायला हवीत, तर तो वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. तीन बिंदू एका रेषेत नकोत या अटीसाठी एर्डशची रचना घ्या: प ही मूळ संख्या, क्रमांकाच्या (तो इथे ० पासून मोजायचा) वर्गाला प ने भागून उरणारी बाकी हे पद. प पर्यंतचे सगळे बिंदू प गुणिले प च्या चौकटीत मावतात आणि कुठलेही तीन एका रेषेत येत नाहीत. वेगळ्या अंतरांसाठी मात्र ही रचना लगेच मोडते: प = ५ घेतला तर पदं ०, १, ४, ४, १ अशी येतात, आणि लगतच्या पदांमधली १ ते ४ आणि ४ ते १ हीच दोन अंतरं सारखी निघतात.